गाडी माझी, चिप कुणाची?

सकाळचे साडेसहा. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर डायलिसिसची फाइल आणि मारी बिस्किटांचा पुडा. आठवड्यातून तीन वेळा आमची ही वारी असते. कोथरूडहून बावधनला जाताना चांदणी चौकाचा चढ लागतो. दहा वर्षं मी तो चढ डोळे मिटूनसुद्धा चढवीन म्हणायचे. त्या दिवशी मात्र ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा टुणकन वर गेला आणि गाडी? गाडी जागच्या जागी! मागून हॉर्नचा कल्लोळ आणि पाठोपाठ जळकट वास.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गॅसवर दूध ठेवून आलीस का?"

गॅसवर दूध नव्हतं. गाडीचा क्लच जळत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली, रिक्षा मिळवली आणि सासूबाईंना वेळेत हॉस्पिटलात पोचवलं. त्यांची चार तासांची ट्रीटमेंट चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी एकच विचार करत होते. क्लच असा अचानक कसा गेला? मी काही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यातली नाही.

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या दादांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला आपलं यंत्र जोडलं, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, गाडी रिमॅप केलीय का?"

रिमॅप? मला मॅप म्हटलं की मोबाइलवरचा रस्ता दाखवणारा तेवढाच माहीत. मी म्हटलं, "नाही हो, असलं काही नाही." दादा काहीच बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यानं मी ओळखलं. ह्यांना माहीत आहे, मला नाही.

रात्री जेवताना विषय काढला. चिरंजीवांनी वरणभातात मान घातली आणि नवऱ्याला एकाएकी टीव्हीवरच्या हवामानाच्या बातमीत फार रस वाटू लागला. बास, कळलं!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चिरंजीवांच्या नोकरीचा पहिला बोनस. "आईला सरप्राइज द्यायचं" म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी बाप-लेक गाडी घेऊन गेले होते. मला सांगितलं होतं, "सर्व्हिसिंगला नेतोय." दोन तासांत लॅपटॉपवरून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून आणले. गाडीची ताकद वाढली. मला मात्र कुणी सांगितलं नाही. गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून फेडलेले, रोज चालवणारी मी!

आता एक कबुली देते, कारण इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला ते आवडलं होतं. त्या दोन-अडीच महिन्यांत गाडी एकदम तरतरीत वाटत होती. सिग्नल सुटला की पुढे, ट्रकला ओव्हरटेक करताना पूर्वीसारखा श्वास रोखावा लागत नव्हता. मला वाटायचं, आपलाच हात बसलाय! बँकेत मैत्रिणीला म्हणालेसुद्धा, "अगं, पन्नाशीत माझं ड्रायव्हिंग सुधारलंय." कौतुक माझं नव्हतंच, चिपचं होतं, हे कळल्यावर राग जास्त आला की हसू, सांगता येणार नाही.

राग ओसरल्यावर मात्र ठरवलं, हे प्रकरण आहे तरी काय ते समजून घ्यायचं. मैत्रिणींनो, "हे पुरुषांचं खातं" म्हणून आपण जी दारं स्वतःहून लावून घेतो ना, त्यातलंच हे एक. उघडलं तर आत काही फार अवघड नसतं.

आमच्या बँकेत पूर्वी व्याजाचं रेडी रेकनर असायचं. आडव्या ओळीत रक्कम, उभ्या ओळीत दिवस, दोन्ही जिथे भेटतील तिथला आकडा म्हणजे व्याज. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, ज्याला ईसीयू म्हणतात, त्यात अशीच रेडी रेकनर असतात. इंजिन किती वेगानं फिरतंय, तुम्ही पाय किती दाबलाय, हवा किती येतेय, पाणी किती तापलंय हे सेन्सर सांगतात. कॉम्प्युटर कोष्टकात बघतो आणि ठरवतो, डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, टर्बोनं हवा किती दाबायची. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं. या कोष्टकाला म्हणायचं मॅप. ते बदलणं म्हणजे रिमॅप.

पूर्वी हे काम खरोखर चिप काढूनच व्हायचं. कॉम्प्युटरच्या पेटीत ईप्रॉम नावाची एक चिप असायची. १९७१ मध्ये इंटेल कंपनीतल्या डोव्ह फ्रोहमन यांनी ती शोधली. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असे. त्या खिडकीतून वीसेक मिनिटं अतिनील प्रकाश टाकला की पाटी कोरी! मग यंत्रात बसवून तिच्यावर नवे आकडे लिहायचे आणि खिडकीवर कागद चिकटवून चिप परत जागेवर लावायची. परदेशात ऐंशी-नव्वदच्या दशकात यावर मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे तेव्हा बहुतेक गाड्या कार्बुरेटरवर होत्या. स्क्रूड्रायव्हरनं ट्युनिंग करणारा मिस्त्री हाच आपला कॉम्प्युटर. २००० साली प्रदूषणाचे भारत स्टेजचे नियम आले आणि गाड्यागाड्यांत कॉम्प्युटर शिरला. आता चिप काढावीही लागत नाही. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली की आतली फ्लॅश मेमरी पुसून नवी लिहिता येते. फक्त लिहिता लिहिता बॅटरी उतरली, तर कॉम्प्युटर कायमचा ठप्प होऊ शकतो. म्हणून शहाणी माणसं आधी चार्जर लावतात.

माझ्यातली बँकेची पासिंग ऑफिसर जागी झाली ती पुढची गोष्ट ऐकून. या सगळ्या आकड्यांची शेवटी एक ठरावीक पद्धतीनं बेरीज ठेवलेली असते. तिला म्हणतात चेकसम. मधला एखादा आकडा बदलला की बेरीज जुळत नाही आणि कॉम्प्युटरला कळतं की काहीतरी गडबड आहे. म्हणून रिमॅप करणारा काय करतो? आकडे तर बदलतोच, वर बेरीजही नव्यानं जुळवून टाकतो. आमच्याकडे असं कुणी केलं, तर त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

याहून स्वस्तातला एक प्रकार आहे, ट्युनिंग बॉक्स. ही डबी सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसते. डिझेलच्या पाइपातला दाब पुरेसा असला तरी ती सांगते, "छे, कमी आहे." बिचारा कॉम्प्युटर विश्वास ठेवतो आणि दाब वाढवतो. जास्त डिझेल जातं, जास्त ताकद मिळते. म्हणजे खोटं बोलायलाच ठेवलेली डबी! "सर्व्हिसिंगला नेतोय" म्हणणाऱ्या आमच्या घरातल्या दोन डब्या आठवल्या.

मग प्रश्न पडतो, कंपनीनं आधीच जास्त ताकद का नाही दिली? चिरंजीवांचा युक्तिवाद तयार होता. "आई, फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन घे. भारतात फियाट, टाटा, मारुती, सगळ्यांनी वापरलं. तेच इंजिन एका गाडीत ७५ हॉर्सपॉवर, दुसरीत ९०. मग आपण वाढवलं तर बिघडलं कुठे?" ऐकायला बिनतोड. गॅरेजवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, ९० वाल्याचा टर्बो वेगळा असतो. नुसते आकडे नाही बदलत कंपनी, सामानही बदलते."

आणि तेच खरं आहे. कंपनी इंजिनाची सगळी ताकद वापरत नाही, थोडी राखून ठेवते. का? कारण तीच गाडी एप्रिलमध्ये नागपुरात धावणार असते आणि जानेवारीत मनालीला. डिझेल कुठे चांगलं मिळेल, कुठे भेसळीचं. कुणी वेळेवर ऑइल बदलेल, कुणी वर्षभर बघणारही नाही. शिवाय क्लच, गिअर, टर्बो, सगळे एका ठरावीक जोरापर्यंत टिकतील या हिशेबानं बनवलेले. सगळं सांभाळून ही गाडी लाखभर किलोमीटर चालली पाहिजे. ही शिल्लक म्हणजे आपल्या घरातल्या मोडीत न काढलेल्या एफडीसारखी. कंपनीनं ती अडचणीसाठी ठेवलेली असते आणि रिमॅपवाला तीच मोडून देतो. टर्बो डिझेलमध्ये पंचवीस-तीस टक्के ताकद वाढवून देण्याचं आश्वासन तो सहज देतो. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत मात्र हाताला फारसं काही लागत नाही, म्हणून पेट्रोलवाल्यांनी तर हजारो रुपये घालवण्याआधी दोनदा विचार करावा. आमच्या दहा वर्षं जुन्या क्लचनं मात्र ती वाढीव ताकद अडीच महिने सोसली आणि चांदणी चौकात हात टेकले. बिल आलं पंधरा हजारांच्या घरात.

पण मैत्रिणींनो, प्रश्न नुसता क्लचचा असता, तर मी हा लेख लिहिलाच नसता. घरातल्या घरात भांडून मोकळी झाले असते.

दादांनी आणखी एक दाखवलं. रिमॅप करणाऱ्यानं "फ्री सर्व्हिस" म्हणून ईजीआर नावाची व्यवस्थाही बंद करून दिली होती. ही व्यवस्था इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला काही भाग परत आत घेते. त्यामुळे आतली आग थोडी थंड राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी तयार होतो. पण त्यानं आत काजळी धरते, म्हणून पुष्कळ जण ती बंदच करून टाकतात. गाडी मोकळी, वायू बाहेर! वर जास्तीचं डिझेल पुरेशा हवेशिवाय जळलं की काळा धूर. मला आरशात तो कधी दिसलाच नाही. पण माझ्या मागे तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवर निघालेली एखादी मुलगी असेलच ना? तिनं मला किती शिव्या दिल्या असतील!

तुम्ही म्हणाल, पीयूसी असतं की. असतं. आमचीही गाडी पास झाली असती. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती काळा, किती दाट, एवढंच बघतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत. तो वायू डोळ्यांना दिसत नाही, तिथल्या यंत्रालाही दिसत नाही. दम्याच्या माणसाच्या छातीला मात्र बरोबर कळतो.

आणि हे काम फक्त गल्लीतले ट्युनर करतात असं समजू नका. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनसारख्या बड्या कंपनीचं बिंग फुटलं, ते याच कोष्टकांवरून. तिच्या डिझेल गाड्यांतला कॉम्प्युटर ओळखायचा की आता आपली परीक्षा चालू आहे. परीक्षेत गुणी बाळ, रस्त्यावर आलं की अमेरिकेतल्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड! जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं. ज्या रस्त्यावरच्या चाचण्यांमुळे ते उघडकीला आलं, त्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटानं केल्या होत्या. त्यात अरविंद थिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा ही आपली भारतीय मुळाची मंडळीही होती. पुढे आपल्या पुण्याच्या एआरएआयनं चाचण्या केल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. एआरएआयच्या टेकडीवर मी वर्षानुवर्षं फिरायला जाते. खाली त्या आवारात असलं काही तपासतात, हे कधी मनातही आलं नव्हतं.

फरक एवढाच की कंपनीनं केलं तर तो जगभराचा घोटाळा आणि आपण केलं तर हौस! अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तिथे दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकची प्रदूषण रोखणारी यंत्रणा मालकांनीच काढून किंवा बंद करून टाकल्याचं दिसलं. एकेकाची हौस अशी जमत जाते.

आपला कायदाही गप्प नाही. कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला, बरं का! लॅपटॉप चालवणारा पोरगा नाही, रविवारी गाडी घेऊन जाणारे बाप-लेक नाहीत. आरसीवर माझं नाव आहे, तेव्हा जबाबदारी माझी. विम्याचंही तेच. बदल केला आणि कंपनीला कळवला नाही, तर अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो. सहीदेखील मलाच करायची.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. हौसेला माझा विरोध नाही. ज्याला शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची आहे, त्यानं खुशाल पळवावी. चांगले ट्युनर मेहनती असतात, शिकलेले असतात, गाडीचं आधी नीट तपासून मगच हात लावतात, हेही मी आता जाणते. पण आपल्याकडे गाडी बाईची असली तरी गाडीचा निर्णय पुरुषांचा, ही जी समजूत आहे ना, ती त्या चिपपेक्षा जुनी आणि पुसायला जास्त कठीण. शोरूममध्ये चेक मी देते आणि सेल्समन इंजिनाची माहिती नवऱ्याकडे बघून सांगतो. मला विचारतो, "मॅडम, रंग कोणता?" सर्व्हिस सेंटरचा फोन माझ्या मोबाइलवर येतो आणि पलीकडचा म्हणतो, "सरांना द्या ना जरा." आपणही देतो! मी स्वतः किती वेळा दिलाय. त्या रविवारीही "सर्व्हिसिंगला काय काय करणार?" एवढं विचारलं असतं, तरी चिरंजीवांची त-त-प-प झाली असती. विचारलं नाही, कारण मला त्यातलं कळत नाही असं मीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून चार गोष्टी सांगते. गाडी गॅरेजला गेली की परत येताना कागद मागा, काय केलं ते लिहून घ्या. जुनी डिझेल गाडी विकत घेत असाल, तर ती कधी रिमॅप झालीय का, ईजीआर चालू आहे का, हे भरवशाच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. काही गाड्यांचा कॉम्प्युटर तर आपल्यावर किती वेळा नवं लिहिलं गेलं त्याची नोंदही ठेवतो. गाडी वॉरंटीत असेल तर असल्या मोहात पडूच नका. आणि घरात कुणी आधीच हौस केलेली असेल, तर मूळ फाइल जपून ठेवलीय का, ते आजच विचारा.

आमची ठेवली होती, नशीब! दादांनी ओळखीच्या माणसाला बोलावलं आणि कंपनीचे आकडे परत भरून घेतले. ईजीआर साफ करून चालू केला. नवा क्लच आहेच. चिरंजीवांना बोनसचा हिशेब द्यायला लावला. क्लचचे निम्मे पैसे त्याच्याकडून, निम्मे त्याच्या वडिलांकडून! गाडी आता पूर्वीसारखी झालीय. सिग्नलला मागे राहते, ट्रकच्या मागे मुकाट चालते. खरं सांगते, पहिले आठ दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. एकदा घाईत पाय दाबला आणि मनात आलंच, ते होतं ते बरं होतं. मग मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "आज गाडी कशी शहाण्यासारखी चालतेय." म्हटलं, असू दे.

गेल्या आठवड्यात चिरंजीव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आई, पुढचे दोन टायर झिजलेत. बदलायला हवेत. कुठले टाकायचे?"

हातातली भाजी बाजूला ठेवली. म्हटलं, "बस इथे. आधी सांग, मागचे-पुढचे टायर शेवटचे कधी अदलाबदल केले होते?"

त्याला आठवेना. मला आठवत होतं. कागद होता माझ्याकडे.